न ठेवलेला नारळ

ज्याने सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामावर शेरे लिहिण्यात घालवली, त्याने निवृत्त झाल्यावर स्वतःचे काही लिहून लोकांपुढे ठेवावे, हे माझे मलाच फारसे शोभणारे वाटत नाही. माझा लेखनाचा सराव म्हणजे ‘उजळणी समाधानकारक’, ‘तिसरीचे वाचन अडखळत’, ‘आवारातील खड्डा पावसाळ्यापूर्वी बुजवावा’ एवढ्याच जातीच्या वाक्यांचा. ती वाचणारा माणूसही बहुधा एकच असे, आणि तो ती भीत भीत वाची. आता वाचक पुष्कळ आहेत आणि भिण्याची पाळी माझी आहे. या अंकाचे संपादक माझे जुने स्नेही. लोकांकडून पट्टी म्हणून वसूल केलेला पैसा जिल्ह्याच्या लोकल बोर्डाच्याच शाळांवर खर्च व्हावा, की खाजगी शाळांनाही त्यातून वाटा मिळावा, या वादावर त्यांना लेख हवा होता. वाद घालण्याची माझी पात्रता नाही, असे मी त्यांना कळवले. त्यावर ते म्हणाले, वाद राहू द्या, घडलेले सांगा. घडलेले एक मजजवळ आहे. ते सांगण्याचा अधिकार आपणास कितपत आहे, ही शंका मनात ठेवूनच मी ते सांगतो.

शिक्षणखात्यात मी उशिराच शिरलो. बरोबरीचे लोक मुख्याध्यापक होऊन स्थिरावले, तेव्हा मी पुण्यास तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचीत बसलो होतो. प्राध्यापक व्हावे अशी इच्छा होती. परंतु एका महाविद्यालयात नमुन्याचे व्याख्यान देताना माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे गेला नाही, आणि ती इच्छा तेथेच संपली. पुढे वडील वारले, घर चालवणे भाग पडले, आणि कुलाबा जिल्ह्यात शाळातपासनिसाची जागा मिळाली. महाड तालुका आणि पोलादपुराकडचा डोंगरपट्टा माझ्याकडे आला. लोक मला दिपोटी म्हणत. वस्तुतः मी डेप्युटीचा नुसता मदतनीस होतो. पण प्रत्येक गावात ही दुरुस्ती करण्याचा मला संकोच वाटे, आणि पुढे पुढे ती करावीशी वाटेनाशी झाली, हेही खरे. मुले माझ्यापुढे थरथरत उभी राहत. त्यांना ठाऊक नव्हते की दारातून आत येताना मीही तसाच असे.

हे काम बाहेरच्या माणसास नीटसे माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. त्या काळी आमच्या भागात मुख्यतः दोन प्रकारच्या शाळा होत्या. एक बोर्डाची. तिचा मास्तर बोर्डाने नेमलेला, पगार बोर्डाचा. दुसरी खाजगी, म्हणजे गावाने किंवा एखाद्या मंडळीने स्वतःच्या वर्गणीतून काढलेली. ती तपासणीत पसंत पडली तर बोर्ड तिला वर्षाकाठी काही मदत देई. या मदतीला लहानथोर सारे ‘ग्रँट’ म्हणत. पैसा मात्र दोन्हीकडे एकाच विहिरीतून उपसला जाई. जमिनीचा सारा भरताना त्यावर लोकल फंडाची पट्टी द्यावी लागे. ज्याच्या नावावर डोंगरउतारावरचा नाचणीचा एकच तुकडा आहे, त्यालाही ती चुकत नसे. खाजगी शाळेकडे त्या पैशातले काही वळवायचे की नाही, हे ठरवताना माझा शेरा पाहिला जाई. हिशेब आणि हजेरी कागदावर तपासता येत. पण मुलांना काय येते, हे त्यांच्या तोंडूनच ऐकावे लागे. तपासणीचा जीव म्हणजे हा तोंडी भाग. मूल बोलले पाहिजे. ते बोलले नाही, तर तपासणी झालीच नाही.

गमतीही पुष्कळ घडत. नाते गावाच्या बाजूला एका लहानशा खाजगी शाळेत पहिलीच्या रांगेत मिसरूड फुटलेला एक विद्यार्थी मांडी घालून बसला होता. इयत्ता विचारली तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “आज पयली, सायेब.” हिरकणीवाडीस गडावर माणसे येण्याचे दिवस असले की वर्ग ओस पडे, कारण मुले दही-ताक घेऊन पायथ्याशी बसत. मी एका आईला समजावू लागलो, तेव्हा तिने शांतपणे मलाच विचारले, “शाळा उद्या हितंच हाय ना, सायेब? गड बघाया आलेला मानूस उद्या नाय.” शेऱ्यात मी हजेरी कमी, एवढेच लिहिले.

परंतु सांगायचे आहे ते वेगळे.

त्या सुमारास खाजगी शाळांच्या ग्रँटवरून बोर्डात दोन तट पडले होते. महाडचे एक वकील बोर्डाचे सभासद होते. त्यांचे म्हणणे असे की, बोर्ड एक शाळा चालवते तेवढ्या खर्चात गावकऱ्यांच्या तीन शाळांना मदत देता येते, आणि स्वतःचे पैसे घातलेला माणूस शाळेवर लक्षही ठेवतो. चेअरमन त्याच्या विरुद्ध होते. ते म्हणत, पट्टी सगळ्यांची, तर शाळाही सगळ्यांचीच हवी. ज्या दाराची किल्ली खाजगी माणसाच्या कनवटीला, तेथे सार्वजनिक पैसा का द्यावा? दोघेही विद्वान, दोघेही तळमळीचे. ज्याचे भाषण ऐकावे त्याचे मला पटे, आणि या दुबळेपणाची मला लाज वाटे. चेअरमनना डोंगरातल्या सर्व खाजगी शाळांची मदत बंद करायची होती, आणि त्यासाठी ते एखाद्या ठळक उदाहरणाच्या शोधात होते. वकीलसाहेबांनाही उदाहरण हवे होते, उलट बाजूचे. ते त्यांना सापडले होते. आंबेनळीच्या घाटाखालचा एक कोंड, म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाडी. तिचे खरे नाव मी देत नाही. आपण तिला वरचा कोंड म्हणू.

वरच्या कोंडाची शाळा माझ्या सगळ्या भागात उत्तम होती. बोर्डाची शाळा खालच्या गावात होती, आणि मध्ये पऱ्या आडवा येई. उन्हाळ्यात हा ओढा दगडांवरून ओलांडता येई. पावसाळ्यात त्याला असे पाणी येई की मोठा गडीही थबके. एका श्रावणात शाळेला निघालेला एक मुलगा त्यात वाहून गेला. मग गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळीने, बोर्डाकडे अर्ज केले. पैसा नाही, असे उत्तर आले. तेव्हा मुंबईस गिरण्यांत काम करणाऱ्या कोंडकऱ्यांनी वर्गणी काढली, सहाणेच्या चौथऱ्याजवळ, जिथे शिमग्यात देवाची पालखी टेकवतात तेथे, एक कौलारू खोली उठवली आणि विठोबा नावाचा सातवी झालेला मास्तर ठेवला. बाळोजी गावकर हे गावकीचे प्रमुख, आणि शाळेचे चालकही तेच. अक्षरओळख नाही, पण शाळेच्या वेळी सहाणेवर बसून राहत आणि एखादे मूल उशिरा आले की त्याच्याकडे नुसते बघत.

माघ महिन्यात मी तपासणीस गेलो. बरोबर रामजी पट्टेवाला होता. आठवड्याच्या आत माझा अहवाल बोर्डापुढे जायचा होता, आणि वकीलसाहेबांनी जाण्यापूर्वी मला मुद्दाम चहास बोलावून सांगितले होते की, वरच्या कोंडाचा शेरा चांगला आला तर डोंगरातल्या सगळ्याच शाळा तरतील.

पहिली-दुसरीची उत्तरे ऐकून झाली. मुले धडाधड बोलत होती. मी डोकी मोजू लागलो, तोच गडग्यापलीकडून आवाज आला. गडगा म्हणजे आवाराची रचलेल्या दगडांची भिंत. तिच्यापलीकडे एक बाई उभी होती, आणि तिच्या पदराला धरून दहाएक वर्षांची मुलगी.

“सायेब, पोरं मोजताय ना? एक हिकडं हाय. ती पन मोजा.”

विठोबा मास्तर पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. बाळोजी गावकर उठून दारात आले आणि मला म्हणाले, “तिकडं ध्यान नका देऊ, सायेब. ते घर वाळीत हाय.”

वाळीत टाकणे काय असते हे आमच्या भागात कोणास सांगावे लागत नाही, पण दूरच्या वाचकांसाठी सांगतो. गावकीने एखादे घर वाळीत टाकले की त्या घराशी कोणी बोलत नाही. विस्तव देत नाही, लावणीला हात लावत नाही, त्यांच्या मेल्यालाही खांदा देत नाही. जो त्यांच्याशी बोलेल किंवा त्यांच्या हातचे घेईल तोही आपोआप वाळीत पडतो. देवापुढे नारळ ठेवून, चूक झाली असे म्हटले की सुटका.

हे घर गंगारामचे. उभी होती ती त्याची बायको रखमा, आणि मुलगी चंद्री. गंगाराम परळला गिरणीत होता. अपराध काय, असे मी विचारले, तेव्हा गावकरांनी जे सांगितले ते असे. मुंबईकर मंडळींच्या बैठकीत शाळेच्या वर्गणीचा विषय निघाला. गिरणीत संप चालू होता, गंगारामच्या हातात काही नव्हते. तेवढे मंडळींनी समजून घेतले असते. पण त्याने उभे राहून विचारले की, साऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी आपण भरतोच, मग त्याच शाळेसाठी दुसऱ्यांदा वर्गणी कशाची? शाळा बोर्डाकडूनच मागून घ्या. दोन-चार तरुणांनी माना डोलावल्या. हे कळवणारे पत्र गावी पोचले आणि गावकीने घर वाळीत टाकले. चंद्रीचे नाव शाळेतून कमी झाले. अलिबागेस बोर्डाचे मोठमोठे सभासद टेबलाभोवती जो वाद घालीत होते, तोच एका गिरणीकामगाराने परळच्या खोलीत घातला होता. सभासदांना त्याचा प्रवासभत्ता मिळे.

मी भित्रा माणूस आहे. गावकरांशी तेथेच वाद घालावा, हे माझ्याच्याने झाले नाही. मी एवढेच म्हणालो, “मी जरा पाहून येतो,” आणि गडग्याकडे गेलो.

चंद्रीने पुस्तक आणले होते. वाचन स्वच्छ होते. पूर्वीच्या तपासणीत हीच मुलगी भागाकारात सर्वांच्या पुढे होती, असे मला अंधुक आठवत होते. म्हणून पाटीवर एक भागाकार घातला. तिने सुरुवात केली, एक आकडा खाली घेतला आणि थांबली. पुसले. पुन्हा थांबली.

“इसरलीस गो?” रखमाने विचारले. आवाज रागाचा नव्हता. घाबरल्याचा होता.

“पाटी कोन बगतच नाय माजी,” मुलगी म्हणाली.

मी तिला तो भागाकार करून दाखवला. ऊन वर आले होते. रखमाने पितळेच्या तांब्यातून पाणी पुढे केले, वर गुळाचा खडा ठेवला. मी पाणी प्यालो. रामजीचा चेहरा पालटलेला मला दिसला. मला वाटले, ब्राह्मणाने कुणब्याच्या हातचे पाणी घेतले म्हणून तो चपापला असावा. ते विधिनिषेध मी पुण्यासच सोडले होते, त्यामुळे त्याच्या चपापण्याचे मला मनातल्या मनात किंचित हसूही आले.

परत खोलीत आलो आणि तिसरीला उभे केले. सोपाच प्रश्न घातला.

“सात आठे?”

कोणी बोलेना. मला वाटले, लाजली असतील. पुढच्या मुलाकडे बोट केले. तो माझ्याकडे पाही, मग गावकरांकडे, मग छपराकडे. त्याचे ओठ छप्पन्न या आकाराचे झालेले दिसत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. मास्तरांकडे वळलो तर मास्तर भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभे. माझ्या भागातली उत्तम शाळा माझ्यासमोर मुकी झाली होती.

रामजी कानाशी आला. “साहेब, त्या घरचं पाणी प्यालात. आता तुम्ही वाळीत.”

वाळीत बाहेरच्या सरकारी माणसावरही पडते, हे माझ्या ध्यानीही नव्हते. मी गावकरांकडे पाहिले. गावकर माझ्याकडे न पाहता रामजीला म्हणाले, “पट्टेवाले, तुमच्या सायबांना सांगा, आमचा काय राग नाय. ठाऊक नव्हतं, झालं. पन झालं.”

मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभा होतो.

“गावकर, मी सरकारी कामावर आहे,” मी म्हणालो.

“पट्टेवाले, सायबांना सांगा, सरकारी कामाला आमची हरकत नाय. पानी सरकारी नव्हतं.”

मागच्या रांगेत कोणी तरी हसले आणि त्याला चिमटा बसल्याचा आवाज आला. मला वाचकांना सांगताना हे हास्यास्पद वाटत आहे, पण त्या क्षणी ते तसे नव्हते. तपासणी अपुरी राहिली तर ग्रँट नाही. ग्रँट नाही तर शाळेचे काय, आणि चेअरमनच्या हाती आयते काय पडेल, हे मला दिसत होते. अखेर गावकरांनीच वाट काढली. सायबांनी पट्टेवाल्याला विचारावे, पट्टेवाल्याने पोरांना. रामजीचे शिक्षण सहीपुरते. तो छाती पुढे काढून उभा राहिला आणि माझा प्रत्येक प्रश्न सभेत ललकारी द्यावी तसा देऊ लागला. मुलांची उत्तरे त्याच्यावर आदळू लागली. व्याजाचे उदाहरण आले तेव्हा त्याने मला हळूच विचारले, “हे बरोबर हाय का हो, साहेब?” बरोबर होते. सगळेच बरोबर होते. इतकी चांगली तपासणी मी पूर्वी कधी घेतली नव्हती, आणि त्या मुलांपैकी एकही माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

सगळे संपल्यावर गावकरांनी नारळ मागवला. तो सहाणेवर माझ्यापुढे आणून ठेवला. देव तेथून समोरच दिसे.

रामजीमार्फत त्यांनी जे सांगितले, ते मी नीट सांगतो, कारण सगळे त्यावर आहे. सायबांनी हा नारळ उचलून देवापुढे ठेवावा. दंड नको, बोलणे नको. नुसता ठेवावा. म्हणजे गावकीचा मान राहील. आणि गावकीचा मान राहिला, तर सायबांच्या शब्दाखातर चंद्रीला उद्यापासून शाळेत बसवू. घर वाळीतच राहील, पोर मात्र बसेल. मग सायबांनी खुशाल लिहावे की शाळा सगळ्यांना मोकळी आहे. ते खोटे होणार नाही.

मी धीर करून विचारले की, एका लहान मुलीला शाळेबाहेर ठेवून गावकीला काय मिळते? तेव्हा प्रथमच बाळोजी गावकर माझ्या डोळ्यांत पाहून बोलले. वाक्याच्या सुरुवातीला हाक रामजीला मारली, एवढेच.

“पट्टेवाले, सायबांना इचारा. लोकल फंड नाय भरला तर सरकार काय करतं? जप्ती आनतं. भांडी नेतं, बैल नेतं. म्हनून सगळी भरतात. आमच्याकडं तलाठी नाय, शिपाय नाय. आज गंग्यानं वर्गनी नाय दिली, उद्या धा जनं देनार नायत, आनि शाळा बंद. पऱ्यात पोर गेलं तेव्हा बोर्ड नव्हतं आलं. ही खोली आमी उठवली. आमची जप्ती म्हंजे वाळीत. दुसरी आमच्यापाशी हाय काय?”

मी पुष्कळ वाचले आहे. राज्याला कर घेण्याचा अधिकार कोठून येतो, यावरचे जाडे ग्रंथ मी सटीप वाचले होते. त्या प्रश्नाला देता येईल असे एकही वाक्य मला त्यांतले आठवले नाही. आणि खरे सांगायचे तर, मी खाली वाकलो होतो. नारळ माझ्या हातात आला होता.

“ठेवू नका, सायेब.”

रखमा गडग्याशी तशीच उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

मी म्हणालो, “बाई, मुलगी उद्या शाळेत बसेल.”

“बसंल. पन तुमी नारळ ठेवलात म्हंजे आमच्याशी बोलनं हा गुना झाला. तुमच्यासारख्या मोठ्या मानसानं कबूल केला. मग तिचा बाप काय खोटं बोलला होता? त्यानं सारा भरलाय, पट्टी भरलीय. त्याचा पैसा ह्या शाळंत येतो का नाय, ते सांगा.”

“येतो,” मी म्हणालो.

“मग माजी पोर मेहेरबानीनं कशाला बसवता?”

चंद्री आईकडे पाहत होती. ती शाळेच्या दारापासून इतक्या जवळ होती की आतल्या मुलांनी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. कोणी हाक मारली नाही. मी आईचे ऐकावे की मुलीच्या डोळ्यांकडे पाहावे, हे मला कळेना. नारळ हातात जड झाला. तो मी उचलला होता तेथेच, सहाणेवर, पुन्हा ठेवला. देवापुढे नाही.

“गावकर,” मी म्हणालो, आणि या वेळी माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे गेला असावा, “मी तहान लागली म्हणून पाणी प्यालो. त्यात चूक झाली असे मला म्हणता येणार नाही.”

बाळोजी गावकरांनी नारळाकडे पाहिले. रागावलेले दिसले नाहीत. थकल्यासारखे दिसले. मग म्हणाले, “पट्टेवाले, सायबांना सांगा, नको आमाला बोर्डाचा पैसा. आमची शाळा आमी चालवू.”

महाडास पोचलो तो वकीलसाहेब बंगल्यावर वाटच पाहत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सौम्यपणे सांगितले की, असल्या गोष्टी शिमग्याला देवासमोर आपोआप मिटतात. अहवालात मुलांची तयारी लिहावी, बाकीचे पुढच्या वर्षी पाहावे. एका पोरीसाठी डोंगरातली इतकी पोरे पणाला लावू नका, असे ते म्हणाले, आणि हे म्हणताना ते कोणत्याही स्वार्थाने बोलत नव्हते. मी रात्रीपर्यंत लेखणी धरून बसलो नाही. दोनच वाक्ये होती, ती लगेच लिहिली. पहिले असे की, या शाळेचे शिक्षण माझ्या भागात उत्कृष्ट आहे. दुसरे असे की, तिचे दार एका मुलीला बंद आहे, आणि ते उघडेपर्यंत सार्वजनिक पैशाची शिफारस मला करता येत नाही.

बोर्डाच्या बैठकीत वकीलसाहेबांनी माझे पहिले वाक्य वाचून दाखवले आणि चेअरमननी दुसरे. दोन्ही बाजूंनी माझी साक्ष काढली, असा मान फार थोड्या तपासनिसांना मिळाला असेल. वरच्या कोंडाची मदत बंद झाली. बाकीच्या शाळांचा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला, तेथून त्याच्या पुढच्या, आणि मी त्या भागातून बदलून जाईपर्यंत तो पुढेच जात होता. शिमग्यानंतर रखमा मुलीला घेऊन मुंबईस नवऱ्याकडे गेली. शाळा काही काळ वर्गणीवर चालली. मग गिरण्यांत पुन्हा संप झाला, पैसा आटला, विठोबा मास्तर दुसरीकडे नोकरीस लागला आणि खोलीला कडी लागली. पऱ्याच्या कोंडाकडच्या बाजूला बोर्डाने शाळा काढली नाही. अर्ज गेला होता. पैसा नाही, असे उत्तर आले.

निवृत्तीनंतर एकदा महाबळेश्वरास जाताना पोलादपुरास मोटार थांबली. हॉटेलच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. बाळोजी गावकर. मी ओळखले, त्यांनीही ओळखले. मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी हात जोडले, आणि मान वळवून चहाची कपबशी घेऊन येणाऱ्या हॉटेलवाल्याला म्हणाले, “ह्या सायबांना सांग रे, बरा हाय म्हनून.”

हॉटेलवाला गोंधळून आम्हा दोघांकडे पाहू लागला. मी त्याला म्हटले, सांगतील ते ऐक.

“सांग, गंग्याची पोर मुंबयला सरकारी शाळंत शिकली. सातवीची फायनल पास झाली म्हंतात.” ते थोडे हसले. “आमच्या आताच्या पोरांना सही येत नाय. शाळंच्या खोलीत आता पेंढा भरतो.”

मोटारीचा भोंगा वाजला.

“आनि सायबांना इचार,” ते अजून हॉटेलवाल्याकडेच पाहत म्हणाले, “बोर्डाची शाळा मिळंल का आता वर? सगळ्यांची. गंग्याच्या घरासकट.”

मला त्यांना सांगावे लागले की मी आता कोणी नाही. मी ते त्यांनाच सांगितले. हॉटेलवाल्याने ते त्यांना पुन्हा सांगितले.

मोटार आंबेनळीच्या वळणांवर चढू लागली तेव्हा खाली तो कोंड दिसला, सहाण दिसली, आणि पऱ्याचे पात्र. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. तो विचारण्यासाठीच, कदाचित, मी हे एवढे लिहिले. रखमा नको म्हणत होती आणि तिची मुलगी दाराकडे पाहत होती. त्या जागी आपण असता, तर नारळ देवापुढे ठेवला असता का?